पायताणांचं पोतं

माझ्या नेमणूकपत्रात माझं पद 'प्रशासकीय सहायक' असं लिहिलेलं आहे, पण या पदावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही. सासूबाई गावभर सांगतात की सून कॉलेजात 'सायब' आहे. माहेरी रहिमतपूरला माझी ओळख 'प्रोफेसर' अशी करून देतात, आणि समोरचा माणूस फारच शिकलेला नसेल तर मीही ती दुरुस्त करत नाही. आमचे हवालदार, म्हणजे माझे यजमान, फौजेतून निवृत्त. त्यांच्या मते मी युनिटची हेडक्लार्क. ज्याच्यावाचून काही हलत नाही आणि ज्याला कुणी सलाम करत नाही, असा माणूस. यातल्या दुसऱ्या भागाबद्दल माझं काही म्हणणं नाही.

काम म्हणाल तर मी खिडकीत बसते. काचेला खाली एक अर्धगोल भोक आहे, त्यातून कागद आत यावेत अशी अपेक्षा. पण आमच्याकडची माणसं कागदाआधी डोकं आत घालतात. "बाई, बोनाफाईड पायजे," असं ते डोकं म्हणतं, आणि मग ते बाहेर कसं काढायचं हा त्याचा आणि माझा मिळून प्रश्न होतो. दाखले, फोटो, शिष्यवृत्त्या, एसटीचे पास, प्राध्यापकांच्या रजा, आणि "मॅडम, स्वच्छतागृह कुठं आहे?" हे सगळं याच भोकातून. आता अर्ज मोबाइलवरून भरतात, तरी मूळ दाखले आणि पालकाची सही खिडकीवरच लागते. त्यामुळे माझी खुर्ची शाबूत आहे.

एवढ्या नोकरीत मला एकच मेमो मिळाला. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी, प्राचार्यांनी स्पष्ट नाही म्हटलेलं असताना, कार्यस्थळ सोडून गेल्याबद्दल. दिवाळीला सगळी जमली की कुणीतरी म्हणतंच, "मामी, ती पायताणांची गोष्ट सांगा." मग मी सांगते, आणि हवालदार मधे मधे त्यात नसलेल्या गोष्टी घालतात. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच ठेवावी. आधीच सांगते, मला पश्चात्ताप वगैरे काही झालेला नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा जाईन, फक्त निघताना स्कूटीत पेट्रोल बघेन.

झालं असं की त्या वर्षी ऑफिसात नवी फरशी बसली. आमचं कॉलेज पलूस तालुक्यात, उसाच्या पट्ट्यात. इथली माती कुठल्याही पायाला लागून कुठंही पोचते. पण प्राचार्यांनी मिरजेच्या कुठल्याशा दवाखान्यात पांढरीशुभ्र फरशी पाहिली आणि ती त्यांच्या मनात बसली. मनातली मग ऑफिसात बसली. इतकी चकचकीत की खाली वाकून बघितलं तर स्वतःची दुसरी हनुवटी दिसायची. मी खाली बघणंच सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, एक बोर्ड टाइप करा. कृपया पादत्राणे बाहेर काढावीत."

"सगळ्यांनी, सर?"

"म्हणजे?"

"म्हणजे प्राध्यापकांनीसुद्धा का, असं विचारतेय."

"मॅडम, थोडं सामान्य ज्ञान वापरत चला."

ते सामान्य ज्ञान काय होतं ते आठवड्यात कळलं. बूट घातलेला माणूस आत यायचा आणि चप्पल घातलेला बाहेर काढायचा. तशी आमच्याकडं पूर्वेकडून, दुष्काळी पट्ट्यातून येणारी माणसं बोर्ड नसतानाही उंबऱ्याबाहेर पायताण काढायची. देवळात काढावं तसं, अंग चोरून. मी आतून ओरडायचे, "असू द्या, असू द्या, या तसंच." आता ओरडायची सोय राहिली नाही. डोक्यावरच माझ्याच हातचा बोर्ड होता, आणि मी हौसेनं त्याला वेलबुट्टीची किनारही काढली होती.

मग मी काय केलं, तर माझ्या सँडलही बाहेर काढायला सुरुवात केली. निषेध म्हणून. पण माझा निषेध नेहमी असा होतो की तो कुणाला कळत नाही. प्राध्यापकांना वाटलं माझे गुडघे दुखतात. प्राचार्यांना वाटलं मी बोर्डाचा मान राखते. त्यांनी मीटिंगमध्ये माझं उदाहरणसुद्धा दिलं.

प्रवेशाचा शेवटचा दिवस उजाडला. ऑफिस पालकांनी भरलेलं आणि उंबऱ्याबाहेर पायताणांचा ढीग. त्यातच संस्थेचे साहेब दुपारी भेट द्यायला येणार, असा निरोप आला. प्राचार्य दारात आले, ढीग बघितला आणि आमच्या शिपाईमामांना म्हणाले, "मामा, दारात हा काय उकिरडा? साहेब येताहेत. उचला सगळं."

शिपाईमामा म्हणजे आज्ञाधारक माणूस. उचला म्हटलं की उचलणार. कुठं ठेवू, असं विचारायची त्यांना सवय नाही, कारण विचारलं की बोलणी बसतात. त्यांनी युरियाचं एक रिकामं पोतं आणलं, सगळी पायताणं त्यात भरली आणि मागच्या पडवीत मोडक्या बाकांशेजारी नेऊन ठेवली. आता नेमका तोच दिवस मोडकी बाकं भंगारात द्यायचा. टेम्पो आला, भंगारवाल्याच्या माणसांनी बाकं भरली, बाकांशेजारचं पोतंही भरलं आणि टेम्पो गेला. त्या पोत्यात माझ्या सँडल होत्या, हे मला नंतर कळलं.

पहिल्यांदा एक बाई बाहेर जाऊन परत आत आल्या. "अवं बाई, माजी चप्पल हितंच काढली हुती की." मग त्यांच्यामागं दुसऱ्या. मग एक गृहस्थ, हातात मुलीचा फॉर्म आणि पायात काही नाही. पाठोपाठ सगळेच. मामांच्या तोंडाकडं बघून मला अंदाज आला. ते हळूच म्हणाले, "म्याडम, मी पोतं पडवीत ठिवलं हुतं. आता पडवीत पडवीच हाय निस्ती."

मी केबिनमध्ये गेले आणि सरांना सांगितलं. टेम्पो लांब गेला नसेल, कॉलेजची गाडी पाठवू या, म्हटलं.

"गाडी साहेबांना आणायला गेली आहे."

"मग मी जाते."

"आज? खिडकी सोडून? काहीतरीच काय. अहो, ही माणसं रानात अनवाणीच फिरतात. एक दिवस गेली तशी तर काय बिघडतं? नंतर बघू."

"रानात फिरतात सर, पण आज ती तुमच्या ऑफिसात आलीत. आणि आपल्या बोर्डामुळं पायताणं काढलीत."

"मॅडम, जागेवर बसा."

मी जागेवर बसले. खोटं कशाला सांगू, बसले. माझी बंडखोरी नेहमी जरा उशिरा पोचते, एसटीसारखी. पण बसले आणि समोर खिडकीत एक म्हातारा उभा. लाल पटका, पांढरं धोतर. बरोबर नात, दोन वेण्यांची, हातात पत्र्याची ट्रंक. आटपाडीच्याही पलीकडून पहाटेच्या गाडीनं आलेली. घरी मेंढरं, आणि आता थोडी डाळिंबंही. पोरीचा बाप फवारणीत अडकलेला, म्हणून आजा आला होता. तिची सायन्सची जागा लागली होती, वसतिगृहाची खोली लागली होती, सगळे दाखले तपासून मी बरोबरच्या खुणा केल्या होत्या. राहिली होती ती फक्त पालकाची सही.

म्हाताऱ्यानं काचेतून हात घातला आणि फॉर्म परत मागितला.

"सही करायला मागताय ना?" मी विचारलं.

"न्हाई बाई. घरी न्यायचाय."

"अहो आबा, आज शेवटचा दिवस आहे."

"ठावं हाय." आवाज अजिबात चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच बोचला. "दारात काढलेलं पायताण तुमास्नी दुपारपातूर राखता आलं न्हाई. म्या पोरगी ठिवून जाणार दोन वर्सं. तिला कसं राखणार वो तुमी?"

माझ्याकडं तशी सगळ्या प्रश्नांची उत्तरं असतात. जातीचा दाखला हरवला तर काय, नावात चूक असली तर काय, आई-बाप वेगळे राहत असले तर काय. या प्रश्नाला मी नुसताच फॉर्म काचेखालून परत सरकवला. 

नात मात्र गप्प बसणारी नव्हती. ट्रंक खाली आपटून म्हणाली, "आज्या, मेंढरू चुकलं म्हणून कळप इकतूस व्हय रं तू?"

"मेंढरू चुकलं की म्या ते हुडकून आणतो, मग घरी जातो," म्हातारा म्हणाला. "हितं कोण चाललंय का हुडकाय? समदी खुर्चीत."

समदी खुर्चीत म्हणजे मी. बाकीच्या खुर्च्या जेवायला गेल्या होत्या.

मी उठले. खिडकीवर 'बंद' ची पाटी लावली आणि दाखल्यांच्या कपाटाला कुलूप घालून किल्ली कमरेला खोचली. म्हाताऱ्याला म्हटलं, "आबा, फॉर्म तुमच्याजवळच ठेवा. पण मी येईपर्यंत इथनं हलायचं नाही. पायरीवर बसा." मग मामांना म्हटलं, "चला."

"सर रागवत्याल म्याडम."

"रागावू देत. पोतं कुणी भरलं?"

"मी. पण सांगितलं कुणी?"

"तेच त्या पोत्यात बघायला चाललोय, चला."

केबिनच्या दारातून सरांचा आवाज आला, "मॅडम, तुम्ही गेलात तर मी लेखी घेईन हं!" मी वळून म्हटलं, "घ्या सर. टाइप करायला मी संध्याकाळपर्यंत आलेच." हे मी धीटपणे म्हटलं असं हवालदार सांगतात. ते तिथं नव्हते. खरं म्हणजे माझा आवाज चिरकला होता.

आता चित्र डोळ्यापुढं आणा. पन्नाशीला टेकलेली, भारदस्त म्हणावी अशी बाई, काठाची साडी, अनवाणी, स्कूटीवर. मागं काडीसारखे शिपाईमामा, माझ्या पर्सचा पट्टा धरून, कारण दुसरं काही धरायची त्यांना लाज. रस्त्यानं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, आणि ऊन असं की ब्रेक लावायला पाय टेकला की तळवा डांबराला चिकटायचा. तेव्हा कळलं, रानात अनवाणी फिरणं आणि डांबरावर अनवाणी उभं राहणं यात काय फरक असतो. सरांना कधी सांगितलं नाही, पण त्यांना मागं बसवून एकदा न्यायला हवं होतं.

वाटेत पेट्रोल संपलं. त्याचं वर्णन करत नाही. पंपापर्यंत मामांनी ढकललं, एवढं सांगते.

भंगाराचं दुकान गावाबाहेर. आमची बाकं तिथं एकावर एक रचलेली, आणि दुकानदाराची म्हातारी आई पुढ्यात पोतं ओतून पायताणांच्या जोड्या लावत बसलेली. तिच्या पायात माझ्या सँडल.

"ह्या माझ्या," मी म्हटलं.

तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुझ्या व्हय? मग टाकायच्या आदी बघून तरी टाकावं गं. आंगठा तुटलाय, त्याला पिन लावलीया. गरिबाला द्यायचं तर धड द्यावं मानसानं."

पिन माझीच होती. दोन महिने शिवायला टाकू टाकू म्हणत राहिले होते. तिथं मी पहिल्यांदा शरमले, आणि तेही भलत्याच कारणानं.

दुकानदार आला. त्याचं म्हणणं एकच. "एकदा गाडीत आलं ते भंगार. परत न्यायचं तर मालकाची चिठ्ठी आणा. तुमच्याच कॉलेजचा माल, तुमच्याच मानसानं दिला."

"मी दिला न्हाई, ठिवला हुता," मामा म्हणाले.

"बाकांशेजारी ठिवला का न्हाई?"

"ठिवला."

"मग झालं की."

मी म्हटलं, "दादा, मालकाची चिठ्ठी मी आणू शकत नाही, कारण मालक वीसेक आहेत आणि सगळे अनवाणी माझ्या ऑफिसात बसलेत. तुम्हाला चिठ्ठीच हवी असेल तर मी त्यांना इथं चालत घेऊन येते, सगळ्यांना. मग एकेकाकडून घ्या चिठ्ठी. त्यात एकजण मेंढरांमागं हिंडलेला आहे, हातात काठी आहे, आणि सकाळपासून उपाशी आहे." यातलं काठीचं मी जोडलं. म्हाताऱ्याच्या हातात काठी नव्हती, छत्री होती.

त्याची आई उठली. सँडल काढून माझ्यापुढं ठेवल्या आणि लेकाला म्हणाली, "दे रं. लोकांच्या पायातलं ठिवून घेऊ न्हाई." मग मला, "पिन मात्र काढ. टोचती."

पोतं पुढं ठेवलं, मामा मागं, आणि आम्ही निघालो. पोतं इतकं उंच की मला रस्ता डाव्या डोळ्यानंच दिसत होता. सँडल पायात घालायच्या मी विसरले, त्या पोत्यातच राहिल्या.

कॉलेजात आलो तेव्हा साहेबांना आणलेली गाडी दारात होती. साहेब केबिनमध्ये चहा घेत होते आणि त्यांच्या बुटांच्या मातीची वाट उंबऱ्यापासून केबिनपर्यंत स्पष्ट दिसत होती. पालक पायऱ्यांवर बसलेले. म्हातारा सगळ्यात वरच्या पायरीवर, फॉर्म खिशात घडी घालून. नात त्याच्यापासून हातभर लांब, ट्रंकेवर, तोंड फुगवून.

पोतं बाहेर ओतायचं की आत, असा मामांनी डोळ्यांनीच प्रश्न केला.

"आत," मी म्हटलं. "जिथनं गेली तिथंच. सगळ्यांना आत बोलवा."

मामांनी दवाखान्यासारख्या त्या पांढऱ्या फरशीच्या मधोमध पोतं उलटं केलं. रबरी चपला, प्लॅस्टिकच्या, टायरच्या, एका नवरीची चमकीची, माझ्या पिनवाल्या, आणि त्यात खाली, जड, तेल पाजलेल्या, खिळ्यांच्या धनगरी वहाणा. आवाज एवढा झाला की साहेब बाहेर आले. त्यांनी ढीग बघितला, ढिगाभोवती वाकलेली माणसं बघितली आणि प्राचार्यांना विचारलं, "काही कार्यक्रम आहे का?" प्राचार्य म्हणाले, "नाही साहेब, जरा… ऑफिशियल आहे." साहेब कडेकडेनं वाट काढत गाडीकडं गेले. त्यांना सोडायला प्राचार्य धावले.

म्हाताऱ्यानं आपल्या वहाणा उचलल्या, उलट्या करून तळ बघितला, आणि तिथंच, फरशीवर, पायात घातल्या. मग कर्र कर्र करत माझ्या खिडकीकडं निघाला. आख्खं ऑफिस तो आवाज ऐकत होतं.

तेवढ्यात प्राचार्य परत आले. "अहो बाबा! बोर्ड वाचता येत नाही का?"

म्हातारा थांबला. सावकाश वळला. "न्हाई सायेब, मला वाचाय येत न्हाई," तो म्हणाला. "म्हनून तर पोरीला हितं घिऊन आलोय."

कुणीतरी मागं फिस्सकन हसलं. मी हसले नाही. मी खिडकी उघडली, 'बंद' ची पाटी काढली आणि शाईचं पॅड पुढं सरकवलं. म्हाताऱ्यानं फॉर्मची घडी उलगडून काचेखालून आत सारली. अंगठा पॅडवर दाबला आणि कागदावर असा टेकवला, जणू लोकरीची गाठ बांधतोय.

प्राचार्य माझ्या टेबलापाशी आले. आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, उद्या मेमो मिळेल. आणि आत्ता यांना सांगा, चपला बाहेर."

"सांगते सर. पण मग तुमच्यापासून सुरुवात करावी लागेल."

त्यांनी त्यांच्या बुटांकडं पाहिलं, पालकांकडं पाहिलं. पालक कामं सोडून आमच्याकडं बघत होते, आता सगळ्यांच्या पायात काहीतरी होतं. प्राचार्य केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. मी खुर्चीवर चढून तो बोर्ड काढला. खुर्ची करकरली, मामांनी ती दोन्ही हातांनी धरली. वेलबुट्टीचं जरा वाईट वाटलं, पण काढला.

मेमो मिळाला. त्यांनी तोंडी सांगितला, मी टाइप केला, शुद्धलेखनाच्या चुका काढल्या, त्यांनी सही केली आणि मी पोच देऊन घेतला. उत्तरात मी 'कार्यस्थळ सोडले हे खरे आहे' एवढंच लिहिलं. माफीची ओळ घालायला सांगितलं होतं. घातली नाही. हवालदार म्हणाले, "पेन्शनीवर परिणाम होईल." मी म्हटलं, "होऊ द्या." नंतर रात्रभर झोप लागली नाही तो भाग निराळा.

पण त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. संध्याकाळी म्हातारा परतीच्या गाडीसाठी फाटकाशी उभा होता. मी घरी निघाले होते, सँडल हातात, कारण पिन काढल्यावर अंगठा राहीना. त्यानं मला हाक मारली.

"बाई, पोरगी ठिवून चाललोय. पायताणावानी हुडकत हिंडाय लावू नका."

"हुडकायची पाळी आली आबा, तर मीच जाईन. तुम्हाला कळवणारसुद्धा नाही."

"अनवाणी?" त्यानं माझ्या पायांकडं बघितलं.

"अनवाणी."

त्यानं छत्री काखेत मारली. गाडी आली, तो चढला, आणि खिडकीतून नातीला हात करायला वळला. पण नात फाटकाशी नव्हतीच. तिला वसतिगृहाची किल्ली घ्यायची होती. ट्रंक ओढत, वसतिगृहाच्या नळापाशी चिखलानं भरलेल्या चपला घालून ती सरळ ऑफिसात चालली होती. उंबऱ्याशी क्षणभर थांबली, वर बोर्डाच्या रिकाम्या खिळ्याकडं बघितलं आणि आत गेली. पांढऱ्या फरशीवर तिची पावलं एकामागं एक उमटत गेली. मामा पोछा घेऊन धावले.

मी फाटकातून ओरडले, "मामा, राहू दे! आज पुसायचं नाही!"